बल्ब बदलण्याआधी

मंडळाच्या गणपतीचं मखर आणि दिवाळीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या ज्या पांढऱ्या पिकअपमधून येतात, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. काहींनी ती ढकललीही आहे. गेल्या दिवाळीच्या आधी त्याच गाडीच्या हेडलाइटमुळे माझी आई बेडोक नॉर्थमधल्या झेब्रा क्रॉसिंगवर अर्ध्यात थांबली. त्या संध्याकाळपासून पुढचे तीन आठवडे मी हेडलाइट या एकाच विषयात होतो. तुमच्यापैकी कुणी गाडीला ‘जरा चांगले लाइट’ बसवायच्या विचारात असेल, तर माझे पैसे आणि वेळ कुठे गेला हे आधी वाचून घ्या.

आई साताऱ्याहून दिवाळीसाठी आली होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. संध्याकाळी सात वाजून गेले होते, पाऊस भुरभुरत होता. ती आणि माझी मुलगी बाजारातून परत येत होत्या आणि मी काम संपवून ब्लॉककडे वळत होतो. क्रॉसिंगवर दोन माणसं दिसली म्हणून मी थांबलो. त्यातली एक पुढे सरकेना. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात डोळ्यांवर, अशी ती रस्त्याच्या मधोमध उभी. मग लक्षात आलं, ही तर आई.

घरी आल्यावर ती म्हणाली, “अरे, तू होतास होय? मला वाटलं मोठा ट्रक अंगावर येतोय. पाय कुठं टाकावा तेच दिसेना.”

मी मोतीबिंदूकडे बोट दाखवणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, मलाही काही दिसलं नाही. आपली गाडी आहे हे तू खाली उतरल्यावर कळलं.”

मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात प्रकाश विखुरतो, त्यामुळे अशा माणसाला झगझगाटाचा त्रास जास्त होतो, हे खरं आहे. पण माझ्या मुलीला मोतीबिंदू नाही. आणि बेडोक हा ज्येष्ठांची मोठी वस्ती असलेला भाग. आमच्या क्रॉसिंगवरून संध्याकाळी चालणाऱ्यांत आईच्या वयाची माणसं कितीतरी असतात.

मी काय केलं होतं

गाडी नऊ वर्षांची. पावसात बेडोक रेझरव्हॉयर रोडवर लेनचे पट्टे दिसेनासे झाले होते. मी ऑनलाइन एलईडी बल्बांची जोडी मागवली. खोक्यावर लिहिलं होतं, वीस हजार ल्युमेन. मूळचे हॅलोजन बल्ब काढून हे बसवायला मला मल्टिस्टोरी कारपार्कमध्ये वीस मिनिटं लागली. समोरची भिंत दुधासारखी पांढरी झाली आणि मी खूश झालो.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. दिवे लावले की एफएम रेडिओत खरखर येऊ लागली. बल्बच्या मागे छोटा पंखा असल्यामुळे हेडलाइटच्या पाठीमागचं रबरी टोपण नीट बसेना. मी ते तसंच अर्धवट दाबून ठेवलं, आणि इथल्या दमट हवेनं आठवड्याभरात काचेच्या आतून बाष्प धरलं. तिसरी गोष्ट म्हणजे समोरचे लोक मला अप्पर-डिपर देऊ लागले. मला वाटलं, माझेच दिवे चुकून अप्परवर आहेत. पाहिलं तर डिपरवरच होते.

पट्टे मात्र अजूनही नीट दिसत नव्हते. गाडीच्या पुढचे आठ-दहा मीटर लख्ख, त्यापलीकडे काळोख. जवळची जागा फार उजळली की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं अंधुक दिसतं. उजेड वाढला होता आणि नजर कमी झाली होती.

एच-४ बल्बच्या पोटात

माझ्या गाडीत एच-४ जातीचा बल्ब आहे. भारतात ट्रक, जीप, मोटारसायकल यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला हाच तो बल्ब. १९७१ पासून तो वापरात आहे. १२ व्होल्टचा, ६०/५५ वॉटचा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा प्रकाश ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून परतलेला प्रकाश रस्त्यावर खाली पडतो. भिंतीसमोर गाडी उभी केली की वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्वच्छ रेषा दिसते. तिला कट-ऑफ म्हणतात. समोरच्याचे डोळे त्या रेषेच्या वरच्या अंधारात राहतात.

ही सगळी करामत तार नेमक्या जागी आहे यावर चालते. रिफ्लेक्टरचा आकार त्या जागेच्या हिशेबानं घडवलेला असतो. आता तारेच्या जागी एलईडीच्या चपट्या पट्ट्या आल्या. त्यांची जाडी वेगळी, प्रकाश फेकण्याची दिशा वेगळी आणि जागा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनं सरकलेली. तेवढ्यानं रेषा फाटते आणि प्रकाश वर सांडतो. तो सांडलेला प्रकाश माझ्या आईच्या डोळ्यांत गेला.

एलईडीचा यात दोष नाही. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००७ मध्ये लेक्ससच्या एका गाडीत डिपरसाठी एलईडी आले, तेव्हा अख्खा हेडलाइटच त्यांच्यासाठी नव्यानं घडवला होता. मी जुन्या घरात नवा पाहुणा कोंबला.

साताऱ्यात लहानपणी ट्रकच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला दिसायचा. तेव्हा ते दृष्ट लागू नये म्हणून असावं असं मला वाटायचं. उपाय भरड होता, पण त्यामागे काळजी हीच होती की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत.

नियम

दुसऱ्या दिवशी मुलीनं लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीची, म्हणजे एलटीएची, गाडीतल्या बदलांची मार्गदर्शिका माझ्यासमोर उघडून ठेवली. तिथे बदलांचे तीन गट आहेत: मंजुरीशिवाय चालणारे, आधी मंजुरी घ्यावी लागणारे आणि अजिबात न चालणारे. बाहेरून आणून बसवलेले एचआयडी हेडलाइट चालत नाहीत. बेकायदा बदलांसाठी पहिल्याच वेळी दंड किंवा कैद होऊ शकते. खोक्यावर काय छापलं आहे याला इथे अर्थ नसतो. खरेदीच्या आधी ती यादी पाहायची, आणि शंका असेल तर तपासणी केंद्रात विचारायचं. मालवाहू गाडी असल्यामुळे माझी तपासणी दरवर्षी असते. तिथे हेडलाइट यंत्रासमोर धरून रेषा पाहतात.

“पण जर्मनीत तर असे बल्ब कायदेशीर आहेत,” मी म्हणालो. मी तेवढं वाचलं होतं. मुलीनं पुढचं वाचलं. तिथे २०२० पासून ऑसरामचे एलईडी बल्ब रस्त्यावर चालतात, पण ज्या गाड्यांच्या ज्या हेडलाइटमध्ये ते तपासले गेले, त्याच गाड्यांमध्ये. मंजुरी बल्ब आणि हेडलाइट या जोडीला असते. पत्रिका जुळवून लग्न लावतात तसं, असं आई म्हणाली.

काकी बुकितचे अंकल

बेडोकच्या उत्तरेला काकी बुकित. मलय भाषेत त्याचा अर्थ टेकडीचा पायथा. आमच्या घरात मात्र ‘बाबा काकींकडे गेलाय’ म्हणजे गाडी दुरुस्तीला गेली. तिथल्या ऑटोबेमध्ये शेजारी शेजारी अनेक गॅरेज आहेत. त्यातल्या एका वयस्कर चिनी अंकलांकडे मी गेलो आणि म्हणालो, या एलईडीचा फोकस जरा खाली करून द्या.

त्यांनी नकार दिला. रेषाच नाही तर खाली काय करू, असं त्यांचं म्हणणं. जुने बल्ब आहेत का, म्हणाले. ते मी कचऱ्यात टाकले नव्हते, हे नशीब. ते परत बसवून त्यांनी इंजिन चालू केलं आणि मीटर काढला.

बॅटरीवर १३.८ व्होल्ट. उजव्या हेडलाइटच्या सॉकेटवर १२.८. डाव्या सॉकेटवर ११.९.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. माझ्या डाव्या दिव्यापर्यंत पोचेपर्यंत सुमारे दोन व्होल्ट वाटेत गळत होते. हिशेब केला तर त्या दिव्याचा उजेड चाळीस टक्के घटला होता. वीस हजार ल्युमेन विकत घ्यायच्या आधी माझ्याकडे होते तेवढेच ल्युमेन दिव्यापर्यंत पोचवायला हवे होते.

गळती कुठे होती? डाव्या बाजूचा अर्थचा बोल्ट गंजला होता आणि सॉकेटच्या आतली एक पट्टी तापून तपकिरी झाली होती. अंकलांनी बोल्ट काढून जागा घासली आणि नवं सॉकेट लावलं. आता दोन्हीकडे १३.४. हे काम करायला त्यांना अर्धा तास लागला.

मग काच. काच म्हणायची सवय आहे, पण ते पॉलिकार्बोनेट, एक प्रकारचं प्लॅस्टिक. आपण विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरभर अंतरावर राहतो आणि माझी गाडी दिवसभर उघड्यावर असते. वरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी गेला की प्लॅस्टिक पिवळं आणि धुरकट होतं. असं आवरण प्रकाश अडवतंही आणि विखुरतंही, म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त खुपतं. पाण्यातल्या पॉलिश पेपरनं, ८०० पासून ३००० नंबरापर्यंत चढत जाऊन, ते घासलं आणि वर अतिनील-रोधक थर दिला. हा थर विसरू नका. नुसतं घासून चकचकीत केलेलं काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं.

शेवटी त्याच वॉटचे नवे हॅलोजन बल्ब, दोन्ही एकदम. हॅलोजनच्या काचेला बोटं लावायची नाहीत. बोटांचं तेल राहिलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

भिंतीवरची रेषा

बल्ब बदलला की रेषा तपासायची. त्यासाठी सपाट जमीन, समोर सरळ भिंत, चाकांत योग्य हवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर माणूस हवा. आम्ही रात्री उशिरा कारपार्कच्या टोकाला, गाड्या नसताना, पाच मिनिटांत हे केलं. मुलगी सीटवर बसली आणि मी टेप घेऊन उभा राहिलो.

हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ९२ सेंटिमीटर. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर. रेषा किती उतरती असावी हे बऱ्याच गाड्यांवर हेडलाइटजवळ टक्क्यांत लिहिलेलं असतं. साधारण एक ते दोन टक्के. माझ्यासाठी दीड टक्का म्हणजे पाच मीटरवर साडेसात सेंटिमीटर. म्हणून भिंतीवर ८४.५ सेंटिमीटरला चिकटपट्टी लावली आणि हेडलाइटमागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत रेषा तिथे आणली.

रेषा डाव्या टोकाला थोडी वर चढते. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे पादचारी आणि फलक डावीकडे दिसावेत म्हणून ती तशी घडवलेली असते. भारत, जपान, सिंगापूर, सगळीकडे तसंच. अमेरिकेत किंवा बहुतेक युरोपात वापरायचा हेडलाइट स्वस्तात मिळाला म्हणून आणलात, तर त्याचा चढ उजवीकडे असेल, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

मागचं वजन

इथे विषय संपला असं मला वाटलं. पुढच्या शनिवारी खुर्च्या आणि स्पीकर भरून निघालो, आणि पहिल्याच सिग्नलला समोरच्यानं पुन्हा डिपर दिला.

कारण मागे होतं. पिकअपच्या हौद्यात माल भरला की मागचे पाटे बसतात आणि नाक वर होतं. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे तीन मीटर अंतर आहे. मागचा भाग सहा सेंटिमीटर बसला की गाडी दोन टक्के कलते. मी टेप लावून आणलेला दीड टक्क्याचा उतार संपून वर अर्धा टक्का चढ झाला. पन्नास मीटरवर ती रेषा जमिनीपासून ११७ सेंटिमीटरवर पोचते. छोट्या कारमधल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात.

स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते चार आकडे असलेलं एक बारीक चाक होतं. नऊ वर्षं मी ते डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं बटण समजत होतो. ते हेडलाइट खाली-वर करायचं चाक निघालं. माल भरला की आकडा वाढवायचा, रिकामी झाली की शून्यावर आणायचा. ते चालतं का हे भिंतीसमोर पाहता येतं. चाक फिरवल्यावर रेषा दोन्हीकडे सारखी उतरायला हवी. माझ्या डाव्या हेडलाइटची मोटर अडकली होती. ती बदलली.

काही बिघडलं तर

एकच दिवा मंद असेल तर बल्बच्या आधी अर्थ तपासा. दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर वाटेत गंज आहे.

बल्ब वारंवार जात असतील तर इंजिन चालू असताना बॅटरीवरचं व्होल्टेज पाहा. पंधराच्या जवळ असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या.

सॉकेट वितळलेलं दिसलं तर आधी बल्बचे वॉट वाचा. आपल्याकडे हायवेवर लोक हौसेनं १००/९० चे बल्ब टाकतात. ६० वॉटला पाच अँपिअर लागतात, १०० ला आठच्या वर. मूळच्या बारीक वायरी त्यासाठी नसतात.

आतून बाष्प धरत असेल तर मागचं टोपण आणि हवा जाण्याची नळी पाहा. आणि दिवे लावल्यावर रेडिओ खरखरू लागला, तर नवीन बसवलेल्या बल्बचा ड्रायव्हर हे त्याचं कारण असण्याची शक्यता मोठी.

वायरिंगला स्वतः कापाकापी करू नका. ते काम माहितगार माणसाकडे द्या.

सगळा खर्च एलईडीच्या जोडीच्या दुप्पट झाला, त्यातली अर्धी रक्कम त्या मोटरची. पावसात लेनचे पट्टे आता दिसतात. ते एलईडी बल्ब मी कुणाला विकले नाहीत. विकले असते तर दुसऱ्या कुणाची आई रस्त्यात थांबली असती.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी मंडळाचं सामान भरून निघालो, तेव्हा आई आणि मुलगी ब्लॉकखाली उभ्या होत्या. मी दिवे लावले. आईनं डोळ्यांवर हात नेला नाही. ती गाडीच्या समोरून चालत माझ्या खिडकीपाशी आली, चकलीचा डबा आत दिला आणि विचारलं, “ते चाक फिरवलंस का?”

मी फिरवायला विसरलो होतो. दोनवर आणलं आणि निघालो.